सातव्या मजल्यावरची जाळी

बँकेच्या स्मरणिकेचं कच्चं मुद्रित उन्नतीकडे आलं, ते तिच्या वडिलांचा, मारोतरावांचा, फोटो हवा म्हणून. इमारतीला साठ वर्षं झाली होती. ग्रंथपालाच्या सवयीने तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि एकतिसाव्या पानावर थांबली. ‘लिफ्टमन मारोतराव यांचा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सातव्या मजल्यावरून पडून मृत्यू झाला.’ एवढंच. पुढच्या ओळीपासून कँटीनची माहिती होती.

तिने फोटो पाठवला नाही. ती स्वतः गेली.

सीताबर्डीवरच्या त्या अकरा मजल्यांना बँकेच्या नावाने कुणी ओळखत नाही; सगळे ‘उंच बँक’ म्हणतात. नवी होती तेव्हा मौद्यासारख्या गावांकडून लोक नुसती लिफ्ट पाहायला यायचे. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून ठेवायचे, वर जायचे, आणि मग अनवाणी जिने उतरत चपला शोधायचे. हे मारोतरावांना आधीच्या लिफ्टमनने सांगितलं होतं आणि मारोतरावांनी उन्नतीला, शंभर वेळा. प्रत्येक मजल्यावर जाळीच्या दारावर अर्धगोल पितळी तबकडी, तिच्यावर एक ते अकरा आकडे, आणि लिफ्ट कुठे आहे ते दाखवणारा काटा. तेहतीस वर्षं मारोतराव त्या तबकड्या रोज पुसत होते. त्यांचा नियम एकच: जाळी उघडली की आधी खाली फरशी पाहायची, मग पाय टाकायचा. मनीषनगरच्या घरात स्वयंपाकघरात शिरतानाही ते मान खाली घालून पाहायचे. उन्नती चिडायची. हा माणूस न पाहता पाय टाकेल?

मे महिन्यातली दुपार होती. आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास होता. दरवाजावरच्या गार्डने बाजूला होण्याआधी खाली पाहिलं. चहाचा कप घेऊन एक कॅशियर बाई आतल्या दाराशी आल्या, थांबल्या, खाली पाहिलं आणि मग पलीकडे गेल्या. त्यांच्यामागून एक शिपाई. तोही थांबला.

जिन्याजवळ जयवंताबाई फरशी पुसत होती. मारोतरावांच्या डब्यातली भाजी तिने वीस वर्षं वाटून खाल्ली होती.

“सगळे खाली काहून पाहून राहिले, मावशी?”

“तुह्या बापाची सवय लागली.” ती हसली नाही. “दारातून जाताना नाही पाहिलं, तं पाय बोटभर खाली जाते. फरशी असते, पण उशिरा लागते. मी तं पाहिल्याबिगर पाय नाही टाकत.”

“लिफ्ट?”

“तवापासून बंद. सातव्यावर उभी करून सील लावलं, लाईट बी काढली.”

जाळीवर आठ महिन्यांची धूळ होती. वरच्या तबकडीत काटा सातवर उभा होता. तबकडी मात्र लखलखीत होती.

“ही तुम्ही पुसता?”

“माहा हात कुठं पुरते तिथं, पोरी?”

प्रशासन अधिकारी पियूष बोरकर तळमजल्यावरच बसत. चौकशीचा अहवाल त्यांनीच लिहिला होता, आणि स्मरणिकाही तेच काढत होते. त्यांच्या केबिनला दार नव्हतं. चौकटसुद्धा उखडून काढली होती. भिंतीला नुसतं खिंडार होतं.

“फोटो मेल केला असता तरी चाललं असतं, मॅडम.”

उन्नतीने तीन कागद टेबलावर ठेवले. “लिफ्ट नसतानाही सातव्या मजल्याची जाळी उघडते. बाबांचे तीन अर्ज. तिन्हींवर तुमची सही आहे.”

“दुरुस्तीचं पत्र गेलंच होतं.”

“आणि निष्काळजीपणा त्यांचा.”

“अहवालात काहीतरी कारण द्यावं लागते, मॅडम.”

“बाबा न पाहता पाय टाकत नव्हते. मग कुणी टाकला?”

बोरकरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. काळे, चकचकीत बूट.

“मी फोनवर होतो,” ते म्हणाले. “जाळी मीच ओढली. ते जिन्याने येत होते. त्यांनी कॉलर धरून मले मागं फेकलं. मी वाचलो. त्यांचा तोल गेला.”

हे कधी कळलं तर आपण रडू, असं तिला वाटलं होतं. उलट कानशिलं तापली. तेराव्याला हा माणूस घरी आला होता. बाबांच्या फोटोपुढे हात जोडून, पंगतीत बसून जेवून गेला होता. दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं होतं.

तिने मुद्रिताचं एकतिसावं पान पुढे सरकवलं. “वाक्य खोडा.”

त्यांनी खोडलं. वर लिहिलं, ‘एका अधिकाऱ्याचा जीव वाचवताना.’ सही केली.

“आता थांबेल ना हे पाय खाली जाणं?”

ती निघाली. गुळगुळीत कागदावरची स्मरणिका बारा दिवसांनी कुरिअरने आली. तिने उभ्या उभ्या एकतिसावं पान काढलं.

वाक्य जसंच्या तसं होतं.

त्या पानात बोट ठेवून ती पुन्हा गेली. बोरकरांची खुर्ची रिकामी होती. गार्डने वर बोट केलं. सात मजले ती थांबली नाही. शेवटच्या पायरीवर जयवंताबाई बसली होती, शेजारी कोरडी बादली.

“सकाळपासून साहेब सापडून नाही राहिले.”

जाळीसमोर काळे बूट होते. जोडीने, टाचा जुळवून, टोकं जाळीच्या दिशेने. मोजे घडी करून बुटांत ठेवलेले.

जाळीला कुलूप होतं. लाखेचं सील शाबूत होतं.

उन्नतीने जाळी धरली आणि आधी खाली पाहिलं. ग्रीसचा वास, आणि पोकळी. लिफ्ट तिथे नव्हती.

“कुठे गेली?”

जयवंताबाईने हनुवटीने वर दाखवलं.

काटा अकराच्या पुढे गेला होता. आकडे संपल्यावर जे कोरं पितळ उरतं, त्यावर.

उन्नतीने स्मरणिका मिटली. कुणाला हाक मारली नाही.

“अजून चढूनच राहिली,” जयवंताबाई म्हणाली.