अकराशे चौऱ्याऐंशी

बसा जवळ. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही. केडगावला माझ्या शेजारी कृपादान राहायचा, त्याच्यावर गुदरलेलं आहे. रात्र मात्र पक्की सांगतो, तेव्हाच लिहून ठेवली होती. शनिवार, १५ जानेवारी १९७२. किंक्रांत.

कृपादान संगणक दुरुस्त करायचा. तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर कपाटं. भोकं पाडलेल्या कार्डांवरून माहिती आत जायची आणि तारांत ओवलेल्या बारीक लोखंडी मण्यांत राहायची. वीज गेली तरी मणी विसरत नसत. बेलापूरकडच्या एका साखर कारखान्यात त्यावर ऊसतोडीची यादी निघायची, कोणाचा ऊस कधी तोडायचा त्याची. यंत्र मध्येच थांबतं म्हणून बोलावणं आलं, तो दुपारच्या एसटीनं गेला. तासाभराचं काम, असं बायकोला सांगून.

रात्री अकरा वाजले तरी तो तिथंच. यंत्र सहाव्यांदा बंद पडलं होतं. नेमकं त्याच जागी. लाल दिवा, म्हणजे आठवणीत चूक.

"पहाटं पाचला यादी तोडणीच्या टोळ्यांच्या हातात न्हाई पडली तर यंत्र परत धाडायचं म्हनत्यात," शेतकी खात्याचा कारकून रंगनाथ म्हणाला. "आन् यंत्रासंगट तुमालाबी."

"ठाऊक आहे. चहा सांग."

"चौथा हाय सायब."

"मग पाचवा सांग!"

त्यानं कार्डं तपासली, तारा तपासल्या. आठवण कोरी करून पाहिली. शेवटी मण्यांची ती आख्खी चौकट काढून पेटीतली कोरी करकरीत चौकट बसवली. यंत्र पुन्हा त्याच जागी थांबलं. जिथं शून्यं हवीत तिथं चार आकडे. एक, एक, आठ, चार. जुन्या चौकटीतही तेच होते.

त्यानं हातातला पाना भिंतीवर फेकला. "कोणता नंबर आहे हा, रंगनाथ?"

रंगनाथनं शेतकऱ्यांच्या नंबरांची वही उघडली. मिटली.

"सहादेवचा. दिवाळीत वारला त्यो."

"मग त्याचं कार्ड?"

"काढलं की. मयताचं कार्ड काढायचं, वारसाची नोंद झाली की नवं घालायचं. रीतच हाय इथली."

"नोंद कधी होणार?"

"त्याची बायको, गोजरबाई, चारदा येऊन गेली. शेतकी सायबांची सही न्हाई. अठरा महिन्यांचा ऊस हाय, तुरं आल्यात, वाळत चाललाय…"

"तिच्या नावानं कार्ड पाड."

"सहीबिगर? माजी नोकरी जाईल सायब."

"आणि माझी?"

कृपादान चिडून उठला. तीच कार्डं पुन्हा लावली. आठव्यांदा. घड्याळात सव्वातीन.

कार्डं सरकू लागली. खट… खट… खट…

ती जागा जवळ आली.

दिवे मंदावले.

खोलीत उसाच्या ओल्या पाचटाचा वास आला. दार बंद. कडी आतून.

खट…

यंत्र थांबलं. लाल दिवा नाही. नुसतंच थांबलं. कुणाची तरी वाट पाहावी तसं.

"सायब…"

"बोलू नको."

मग एक कार्ड सरकलं. सावकाश. कागद फाटल्यासारखा आवाज झाला.

आणि यंत्र धडधडत पुढं गेलं. शेवटपर्यंत.

यादी निघाली. पाचच्या आत. मधे एक ओळ होती, इंग्रजी अक्षरांत. अकराशे चौऱ्याऐंशी, गोजरबाई सहादेव. तोड उद्याची.

रंगनाथनं ती ओळ खोडली नाही. त्याचा हातच धजला नाही. टोळी गेली, ऊस तुटला, कृपादानची नोकरी राहिली.

पण त्या रात्री दोघांनी कार्डं मोजली. दोनदा. एक जास्त भरत होतं.

ते कृपादाननं खिशात घालून आणलं आणि महिन्याभरानं माझ्या हातात दिलं. यंत्रानं पाडलेली भोकं चौकोनी असतात, एकसारखी. ही तशी नव्हती. वेडीवाकडी, एकेक करून टोचलेली. जागा मात्र एकही चुकलेली नाही.

शेवटच्या भोकात बाभळीच्या काट्याचं टोक मोडून राहिलं होतं.

महिना झाला होता… अजून हिरवं होतं.