प्रवासातल्या माणसाचं ताट

ताझुको कोबेला निघाली ती फक्त चॉपस्टिक्सची एक जोडी आणायला. एवढ्यासाठी त्सुयामाच्या डोंगरातून कोबेच्या बंदरापर्यंत कोणी जात नाही, हे तिलाही कळत होतं. हॉटेलवाले पार्सलने पाठवायला तयार होते. फोनवरची मुलगी तर दर दुसऱ्या वाक्याला माफी मागत होती. "हिसानागासाहेबांच्या खोलीत राहिल्या आहेत. काळ्या लाखेच्या, टोकाला लाल पट्टी आहे. गेल्या बुधवारी साहेबांनी खोली सोडली तेव्हा आमच्या लक्षात यायला हवं होतं. फार चुकलं आमचं."

ताझुकोने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.  हिसानागासाहेब, म्हणजे तिचा नवरा मोरिहिको, दोन वर्षांपूर्वी वारला होता. आणि त्याच्या त्या चॉपस्टिक्स ती कितीतरी दिवस स्वयंपाकघरात शोधत होती.

मोरिहिको बूट शिवायच्या यंत्रांच्या सुया विकायचा. कोबेत बुटांचे कारखाने, म्हणून दर आठवड्याला कोबेची फेरी, आणि उतरायचं ते बंदराजवळच्या एकाच हॉटेलात. चटई-गादीचं नव्हे, पलंगाचं आणि काट्या-चमच्यांचं, गोऱ्या लोकांच्या थाटाचं हॉटेल. इतकी वर्षं तो तिथे उतरला की त्यांनी त्याला खास सभासद करून घेतलं. आधी चांदीचं कार्ड दिलं, मग सोन्याचं. सोनं म्हणजे नुसता रंगच, पण त्यावर वरच्या मजल्यावरची खोली मिळायची, सभासदांच्या दालनात संध्याकाळची बिअर फुकट मिळायची, आणि दारात पाऊल टाकलं की सगळे वाकून म्हणायचे, "आलात? या." घरी परतलेल्या माणसाला म्हणतात तेच शब्द. मोरिहिकोला त्याचं भारी अप्रूप. घरी तो साधा, मान खाली घालून जेवणारा माणूस. पण हॉटेलचा विषय निघाला की छाती फुगायची.

"घरी तू एकटी म्हणतेस, तिथे चार-चार जण म्हणतात," असं तो चिडवायचा.

"मग राहा तिथेच," ताझुको म्हणायची. बायका म्हणतात तसंच. मनात तसं काही नसायचं.

तो बाहेरगावी असला की संध्याकाळी ती त्याचं ताट वाढायची. हे तिला सासूने शिकवलं होतं. घरातलं माणूस प्रवासात असेल तर त्याच्या जागेवर त्याचं ताट मांडायचं. भात, लोणचं, एखादा माशाचा तुकडा आणि झाकण घातलेलं मिसो सूप. म्हणजे माणूस वाटेत उपाशी राहत नाही. आपलं जेवण आटोपलं की सुपाचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब जमले असले तर माणूस सुखरूप आहे. गरम सूप झाकलं की थेंब जमणारच, एवढं ताझुकोला कळत होतं. तरी ते थेंब बघून बरं वाटायचं ते वाटायचंच.

ज्या संध्याकाळी पोलिसांचा फोन आला, त्या संध्याकाळीही ताट टेबलावर होतं. मोरिहिको कोबेला निघाला होता. हिमेजीला गाडी बदलताना फलाटावर कोसळला आणि तिथेच गेला. ताझुकोने फोन ठेवला आणि झाकण उचलून पाहिलं. थेंब होते.

दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा ताट वाढलं. पुढे अंत्यसंस्कार झाले, अस्थी आल्या, फोटो पूर्वजांच्या देवघरात गेला, आणि ताट मात्र टेबलावरच राहिलं. रोज संध्याकाळी, झाकणासकट.

कोबेच्या बसपर्यंत तिला सोडायला सुगाताई आल्या होत्या. मोरिहिकोची थोरली बहीण. तोंडाने फटकळ, पण ताझुकोच्या दारात मुळ्यांची जुडी ठेवून न सांगता निघून जाणारी बाई.

"कोणीतरी मोरीच्या नावावर फुकट बिअर ढोसतोय," सुगाताई म्हणाल्या. "चांगला झापून ये त्याला."

"आणि चॉपस्टिक्स? त्या घरातून कशा गेल्या, ताई?"

सुगाताईंनी मफलर नीट केला. "ताझुको, अजून ते ताट वाढतेस ना तू?"

"सवय झालीय."

"गेलेल्या माणसाला देवघरात दाखवायचं असतं गं. छोट्या वाटीत भात, बिनझाकणाचा. तू वाढतेस ते प्रवासातल्या माणसाचं. सवय तुझी होते, पण पायपीट माझ्या भावाची होत असेल."

ताझुकोला राग आला. तेवढ्यात बस आली आणि ती चढली.

हॉटेलात ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. डिसेंबरचं ऊन बंदरावरून झपाट्याने सरत होतं. काउंटरवर तिने आपलं नाव सांगितलं, आणि पलीकडे उभे असलेले सगळे एकदम वाकले.

"आलात? या."

काउंटरवरच्या माणसाने खोलीचं कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. "आपण साहेबांबरोबर कधीतरी याल, असं साहेब नेहमी म्हणायचे. आज बुधवार. ते येतीलच एवढ्यात."

काय काय बोलायचं, ते ताझुकोने बसमध्ये घोकून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुम्ही… त्यांना पाहिलंय?" तिने विचारलं.

"अर्थात, बाईसाहेब."

"कसे दिसतात?"

त्या माणसाचं हसू तसंच राहिलं, पण डोळे तिच्या खांद्यावरून दाराकडे गेले. आठवायचा प्रयत्न करत असावा. "नेहमी…" तो म्हणाला. "नेहमीसारखेच."

माझा नवरा मेला आहे, हे त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण "ते येतीलच एवढ्यात" हे वाक्य दोन वर्षांत तिला कोणी ऐकवलं नव्हतं. तिने कार्ड घेतलं.

सभासदांचं दालन वर होतं. मंद दिवे, जाड गालिचा, काचेपलीकडे राखाडी पाणी. कुराता नावाची पन्नाशीची बाई तिथे बिअर आणून देत असे. तिने पांढऱ्या रुमालात गुंडाळलेल्या चॉपस्टिक्स ताझुकोसमोर ठेवल्या. त्याच होत्या. लाल पट्टीवरचा टवका ताझुकोच्याच हातून उडाला होता.

"साहेब इथे काही खात नाहीत हो," कुराता म्हणाली. "मी आग्रह करते, तर म्हणतात, घरी जेवलो. कोबेत बसून घरी जेवलो! आम्हाला वाटायचं, थट्टा करतात."

ताझुको रुमालाची घडी घालत राहिली.

"एक सांगू का? रागावू नका." कुराता जवळ वाकली आणि तिचा आवाज खाली आला. "हल्ली फार थकलेत ते. पाय ओढत चालतात. मागे मी विचारलं, साहेब, आता घरी आराम का नाही करत? तर म्हणाले… घरून ताट येतंय. ताट येतंय म्हणजे मी अजून वाटेवर आहे."

"असं म्हणाले?"

"मला काही समजलं नाही. पण ते हसत नव्हते."

खोलीत आल्यावर ताझुकोने दिवा लावला नाही. मोठा पांढरा पलंग, त्याच्या पायथ्याशी कापडी सपाता, खिडकीत बंदर. ती पलंगाच्या काठावर बसली. बाहेर अंधार उतरायला लागला. घरी ती या वेळी तांदूळ धुवायची. आज ताट नव्हतं, कारण वाढणारी इथे बसली होती. हे तिच्या आत्ता कुठे ध्यानात आलं.

मग बाहेरच्या बोळातून पावलं आली. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, पण ही वाजत होती. सिमेंटवरून पाय फरफटत चालावं, तशी. दार उघडल्याचा आवाज झाला नाही. फक्त खोलीत वास आला, लोखंडाचा, गार हवेचा, आणि मोरिहिकोच्या खोकल्याच्या गोळ्यांचा. कपाटातला हँगर किणकिणला. दाराशेजारच्या अरुंद जागेत, जिथे पलंगावरून दिसत नव्हतं, तिथे कोणीतरी श्वास घेत उभं होतं.

"अहो…" ताझुको म्हणाली.

"तू?" आवाज त्याचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "तू इथे कशी?"

"चॉपस्टिक्स न्यायला आले."

हँगर पुन्हा किणकिणला. मग, "आज ताट नाही आलं."

"मी इथे आहे ना. कोण वाढणार?"

"भूक लागलीय गं… फार."

पलंग तिच्या शेजारी दबला. ताझुकोला भीती वाटली.  नवरा असला तरी भीती वाटायची ती वाटतेच. तिने मान वळवली नाही. समोर खिडकीच्या काचेत पाहिलं, तर काचेत ती एकटीच होती, आणि शेजारी पलंगावर एक खळगा.

उशाशी फोन होता. एक फोन केला की खालून भात आला असता, झाकण घातलेलं सूप आलं असतं. तो जेवला असता. पुढच्या बुधवारी पुन्हा आला असता, त्याच्या पुढच्याही. तीही आली असती. दर बुधवारी असं शेजारी बसता आलं असतं, अंधारात, मान न वळवता. तिचा हात फोनपर्यंत गेला.

तेव्हा तिची नजर खाली गेली. सपातांशेजारी त्याचे बूट दिसत होते, फक्त बूट. बुटांच्या सुया विकणारा माणूस, आपले बूट नेहमी चकचकीत ठेवायचा. या बुटांचे तळ उरलेच नव्हते. वरचं कातडं फाटून लोंबत होतं. ताझुकोला रडू आलं. तिने हात मागे घेतला.

"ऐका," ती म्हणाली. "तुम्ही हिमेजीलाच गेलात. फलाटावर. कोबेला पोचलाच नाहीत. दोन वर्षं झाली."

खाली बंदरात कुठेतरी एक साखळी खडखडत राहिली आणि थांबली.

"मग ताट कोणासाठी…"

"माझ्यासाठी. समोर कोणीतरी जेवतंय असं वाटावं म्हणून. तुमच्या पायांचा विचार नाही केला मी."

"असं होय." शेजारच्यांचं मांजर व्यालं, असं सांगितल्यावर तो म्हणायचा, तसंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "म्हणजे तू एकटीच होतीस सगळा वेळ."

"हो."

"तुझं ताट कोणीच नाही वाढलं."

 तिने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि घराच्या दारात उभं राहून म्हणायची तशी म्हणाली, "आलात? या."

शेजारचा खळगा हळूहळू भरून वर आला. गोळ्यांचा वास गेला. तिने मान वळवली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी फक्त कापडी सपाता होत्या.

सकाळी खाली त्यांनी विचारलं, साहेबांचं सभासदत्व पुढे चालू ठेवायचं ना? ताझुकोने मान हलवून नाही म्हटलं आणि ते दोन वर्षांपूर्वी वारल्याचं सांगितलं. काउंटरवरचा माणूस पांढराफटक पडला, मग खूप खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

घरी आल्यावर तिने सगळं रीतसर केलं. देवघरातल्या छोट्या वाटीत भात ठेवला, बिनझाकणाचा, उदबत्ती लावली, हात जोडले. टेबलावरची त्याची जागा पुसून कोरडी केली. सुगाताई स्वतः येऊन बघून गेल्या आणि "आता कसं," म्हणाल्या. घर शांत होतं. ताझुकोला वाटलं होतं की ते खायला उठेल, पण तसं झालं नाही. तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढचे दोन-तीन दिवस तिला भूकच लागली नाही. विजेच्या कुकरमधला भात ती देवघरात ठेवायची, आपल्यासाठी वाढून घ्यायची, आणि पहिला घास घेण्याआधीच पोट भरलेलं असायचं. भरलेलं आणि उबदार. दुःखाने होतं असं कधीकधी, असं तिने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुगाताईंचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले," ताझुको सहज म्हणून गेली.

"काय केलं होतंस?"

ताझुकोने गॅसकडे पाहिलं. कोबेहून आल्यापासून तो पेटलाच नव्हता. पण जिभेवर चव होती. जरा करपलेलं अंडं, त्यात नको इतकं आलं. लग्नानंतर एकदा ती तापाने पडली होती, तेव्हा मोरिहिकोने तिच्यासाठी केलं होतं. तेवढा एकच पदार्थ त्याला यायचा.

"ताझुको? ऐकतेस ना?"

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "मी… घरीच आहे ना?"

सुगाताई एरवी फटकन बोलणाऱ्या. आज त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "तुझं ताट कोण वाढतंय गं?"