तोडकरबाईंची गुटी

जतच्या पुढे माळावर चार खोल्यांची शाळा आहे. तिथे रणजित हुबाले नावाचा नवा मास्तर हजर झाला, तेव्हा त्याच्या डोक्यात आधीच अकरा गुट्या बसवलेल्या होत्या. वय चोवीस, मिशीचा नुसता पत्ता लागलेला, पण पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने काय करावं? मोबाइलवरची कविता मागच्या पोरांना ऐकू जाईना, तर कुणाला न विचारता त्याने पाण्याचा स्टीलचा तांब्या रिकामा केला, पुसला आणि मोबाइल त्यात उभा ठेवला. कविता खणखणीत वाजली. कुणाची ही युक्ती, असं शाळेतल्या जुन्या तोडकरबाईंनी विचारलं, तर म्हणाला, परभणीकडच्या एका सरांची, पण त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

डाळिंबाच्या मुलखात गुटी कुणाला समजावून सांगायला नको. जिवंत फांदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून दुसऱ्या शेतात लावायची. शास्त्रज्ञांनी हेच मास्तरांच्या हातोटीचं केलं. त्याआधी सरकारने शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाच्या सोप्या युक्त्यांच्या पुस्तिका काय कमी छापल्या होत्या? सगळ्या कपाटात वाळवीच्या पोटात गेल्या. कारण युक्ती वाचून कळते, पण चाळीस पोरं कालवा करत असताना ती नेमक्या क्षणी हाताला सुचत नाही. ते सुचणंच एका मेंदूतून उचलून दुसऱ्यात लावायचं, त्याचं नाव गुटी.

तोडकरबाई मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांच्या थेंबाची कीर्ती चार तालुक्यांत होती. मोबाइल पालथा ठेवायचा, मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि अलगद उलटा करायचा. थेंबाचं भिंग होतं. मुंगी म्हशीएवढी दिसते. करून बघायला कुणालाही येईल, पण कुठल्या पोराचं मन उडालंय आणि थेंब कधी काढायचा, हे बाईंनाच कळायचं. म्हणून डॉक्टर आयेशा मुजावर यंत्राची पेटी घेऊन माळावर आल्या.

डॉक्टर तरुण, बोलायला गोड, पण फसवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आधीच सांगितलं की आठवण म्हणजे कपाटातली वही नव्हे. आपण काही आठवलं की ती आठवण ओली होते, आणि मेंदू ती पुन्हा नव्याने लिहून वाळवतो. यंत्राला ती ओली असतानाच वाचता येते, आणि वाचून होईपर्यंत तिला वाळू देता येत नाही; न वाळलेली पुसून जाते.

"म्हणजे नंतर ती माझ्याकडे राहत नाही," बाई म्हणाल्या.

"फांदी कापावीच लागते, बाई. झाडाला काही होत नाही. पण युक्ती ज्या मुळावर उगवली, ते मूळही तिच्याबरोबर जातं."

ते मूळ बाईंना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी चौथीत मायाक्का हाके नावाची धनगराची पोर होती. सकाळी मेंढरं सोडून मग पळत यायची, म्हणून हजेरी संपली तरी बाई क्षणभर दाराकडे बघत थांबायच्या, आणि ती यायची. एकदा ओल्या हातानेच तिने बाईंचा मोबाइल उचलला. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब पडला, आणि बाहीवरचं गोचीड पडद्यावर रेड्याएवढं दिसलं. वर्गात हा गोंधळ. मायाक्का मात्र हलली नाही, डोळे विस्फारून बघत राहिली. युक्ती तिचीच. बाईंनी फक्त ती जगाला सांगितली.

त्या दिवाळीनंतर हाक्यांचा कळप कोकणात उतरला. जाताना पोरगी म्हणाली, "बाई, मी येस्तोवर थांबा हां." कळप परत आला नाही. नाव हजेरीतून गेलं, पण एकोणीस वर्षं शेवटचा क्रमांक घेतल्यावर बाई दाराकडे बघायच्या. त्यांना लेकरू नव्हतं. दाराकडे बघण्याचा तो एक क्षण हेच काय ते त्यांचं होतं, आणि तो त्यांना फार दुखायचा, आणि तरी रोज हवा असायचा.

"नाव कागदावर लिहून ठेवलं तर?" त्यांनी विचारलं.

"लिहा. वाचताही येईल. पण ते टांगायला आत खुंटी उरणार नाही."

आठवडाभर बाईंनी धड जेवण केलं नाही. देऊ नये, असंच मन म्हणत होतं. मग एका सकाळी हजेरी घेताना त्यांना वाटलं, ती कुठेतरी असेलच ना? आता मोठी झाली असेल, तिची लेक कुठल्यातरी शाळेत उशिरा पोचत असेल आणि दारात उभी राहून बोलणी खात असेल. आपली गुटी सगळीकडे लागली, तर तिथला मास्तर तिच्यासाठी थांबेल. आपण एका दाराकडे बघतो आहोत. बघणारे हजारो झाले तर ती कुणाला तरी सापडेल. त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि या म्हणाल्या.

अर्ध्या तासाचं काम. बाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटून त्यांनी सगळं एकदा शेवटचं आठवलं, ओला हात, गोचीड, डोळे. मग डोळे उघडून त्यांनी चहा मागितला. घरी गेल्यावर उशाखाली एक चिठ्ठी सापडली, अक्षर आपलंच. कुणाच्या लग्नपत्रिकेवरचं नाव वाचावं तसं त्यांनी ते वाचलं आणि चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली.

जूनमध्ये गुटी राज्यभर लागली. निवृत्त झाल्या तरी बाईंचा पाय शाळेकडेच वळायचा. रणजित त्यांना खुर्ची द्यायचा. तो आता थेंब असा काढायचा की बाईंनी टाळ्या वाजवाव्यात. वा रे, हे कुठून शिकलास, असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने मान वळवून थेंब पुसून टाकला. एक गोष्ट मात्र त्यांना विचित्र वाटायची. हजेरी संपली की तो दाराकडे बघत थांबायचा. कुणाची वाट बघतोस, विचारलं तर म्हणाला, माहीत नाही बाई, पण कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं आणि जीव तुटतो. डॉक्टरांचाही फोन आला. सगळ्या शाळांतून हेच कळत होतं. हजारो मास्तर रोज सकाळी दाराकडे बघत होते आणि न पाहिलेल्या कुणासाठी झुरत होते. बाईंना त्या सगळ्यांची कीव आली. आपल्याला असलं काही होत नाही, याचं त्यांना बरंच वाटलं.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी हजेरी झाल्यावर दारात एक पोर उभी राहिली, सात-आठ वर्षांची, धापा टाकत. मागे तिची आई. रणजितच्या हातातला खडू खाली पडला.

"आलीस?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "ये, बस. किती उशीर केलास गं."

आई मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती सरळ खुर्चीपाशी आली आणि बाईंच्या पायाशी वाकली.

"बाई, मी मायाक्का."

"छान नाव आहे," बाई म्हणाल्या. "लेकीला घालायचीय का शाळेत? सरांना भेट. सर फार चांगले आहेत."

मायाक्का खाली फरशीवरच बसली.

"औंदा तीन शाळा झाल्या, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "जिथं लेकीला न्यावी, तिथला मास्तर तिच्याकडं असा बघायचा, जनू लई वर्सांनी घरचं मानूस आलंय. असं बघनारं मला जल्मात एकच मानूस भेटलं हुतं. म्हनलं, जिचं हे बघनं हाय, तिलाच जाऊन गाठावं."

बाईंना तिची फार दया आली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मग," त्यांनी मायेने विचारलं, "भेटली का ती?"