ताला मेलुलचा शेवटचा कुत्रा

ताला मेलुल गावात ऑलिव्हचं तेल उत्तम निघायचं, अंजिरं गोड यायची आणि घाण्यावर कुणाची पाळी आधी यावरून भांडणं व्हायची. युद्ध सुरू झालं तरी यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो कुत्र्यांना.

गावामागच्या ओढ्यातून फ्रेंचांशी लढणारे मुजाहिद तिन्हीसांजेला पलीकडच्या डोंगरात जायचे. कुत्री भुंकली, की टेकडीवरच्या फ्रेंच चौकीचा झोतदिवा ओढ्याकडे वळायचा आणि पाठोपाठ मशीनगन. मग मुजाहिदांकडून, वरून हुकूम आला, कुत्री नकोत. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी गावाने केलेली ही पहिली कामगिरी. दिवस मावळायच्या आत गाव मुकं झालं.

चौकीतला सार्जंट चौकशीला आला, तेव्हा घाण्याचा मालक लौनिस पुढे झाला.

"रोग आला, साहेब."

"सगळ्यांना एकाच दिवशी?"

"एकोपा आहे आमच्या गावात."

लौनिसने आपला बर्कुश दोरीने मारला आणि अंगणातल्या अंजिराखाली पुरला. बर्कुश तसा बिनकामाचा कुत्रा. चोरापुढेसुद्धा शेपूट हलवणारा. भुंकायचा तो एकट्या मेझियानवर, लौनिसच्या मुलावर. मेझियान घरी आला, की बर्कुश मागच्या दाराशी ऊर फुटेस्तोवर आनंदाने भुंकायचा. मेझियानने डोक्यावर हात ठेवला, की भुंकणं मध्येच तुटायचं आणि शेपटी जमिनीवर आपटत राहायची. मेझियान मुजाहिदांबरोबर डोंगरात गेल्यापासून तो भुंकलाच नव्हता. म्हणजे त्याला मारायची तशी गरज नव्हती. पण अपवाद मागायला जाणार कुणाकडे?

पहिलं बर्फ पडलं, त्या संध्याकाळी लौनिस चुलीपाशी पाय शेकत बसला होता. त्याची बायको ताऊस परातीत कुसकुसचे दाणे वळत होती. मागच्या दाराबाहेर कुत्रा भुंकला.

ताऊस उठली, पिठाच्या हातांनी कडीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कुत्रा दम न घेता भुंकत होता, मध्येच कुईकुई करत. मग आवाज सुरीने कापावा तसा तुटला.

लौनिसने दार उघडलं. अंगणात कोरं बर्फ होतं. त्यावर एकही ठसा नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी चौकीने झोतदिवा थेट लौनिसच्या अंगणात सोडला आणि सकाळी सार्जंट शिपाई घेऊन आला. त्यांनी पलंग उलटे केले, तेलाच्या रांजणांत काठ्या ढवळल्या, गाढवाच्या पोटाखालीही वाकून पाहिलं.

"कुत्रा कुठाय, म्हातारड्या?"

"मेला, साहेब. त्या रोगात."

"रोज भुंकतो तो कोण मग? तू?"

"माझा आवाज बसलाय, साहेब."

सार्जंटने त्याला एक ठेवून दिली आणि तो गेला. पुढच्या संध्याकाळी दिवा पुन्हा अंगणात आला, त्यानंतर नाही.

मग एका दुपारी किराणा दुकानदार तय्येब आला. गावात क्रांतीचा कारभार त्याच्याकडे होता. त्यानेही पलंगांखाली पाहिलं, रांजणांत डोकावलं. बाकी कशावर एकमत नसलेल्या दोन्ही पक्षांचं लौनिसच्या कुत्र्याबद्दल एकमत होतं.

"दादा लौनिस, लपवला असशील तर आत्ताच सांग."

"लपवून ठेवण्यासारखा कुत्रा होता का तो?"

"गुरुवारी संध्याकाळी ओढ्यातून तुकडी जाणार आहे. मेझियानची तुकडी." तय्येबने आवाज उतरवला. "तुझ्या मागच्या दारापुढूनच वाट. तो भुंकला, दिवा फिरला, की संपलं. तुझ्याच पोराच्या अंगावर गोळ्या घालून घेशील."

लौनिसने कुदळ आणली आणि तय्येबच्या हातात दिली.

अंजिराखाली जमीन गोठलेली. खणता खणता सूर्य कलला. आधी दोरी लागली. दोरीत मान होती, मानेवर ओळखीचे पांढरे-तपकिरी ठिपके. थंडीने सगळं जसंच्या तसं राहिलं होतं.

"पटलं?" लौनिस म्हणाला.

मागच्या दाराशी कुत्रा भुंकू लागला.

तय्येबने खड्ड्यात पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दार दहा पावलांवर होतं आणि तिथे कुणीच नव्हतं. अशा प्रसंगी काय करावं, याबद्दल वरून काहीच हुकूम आलेला नव्हता.

"माती लोट," तो कसाबसा म्हणाला. "लवकर लोट, दादा."

तुकडीला निरोप द्यायला वेळ उरला नव्हता. गुरुवार आला. सांज झाली. तय्येब आणि लौनिस मागच्या दाराशी भिंतीला चिकटून बसले.

"आज गप राहील?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

ओढ्यात दगड सरकला.

भुंकणं सुरू झालं.

तय्येबने डोळे मिटले. लौनिसने चौकीकडे पाहिलं. दिव्याजवळ कुणीतरी उभं होतं.

दिवा लागला नाही. वरून कुणीतरी वैतागून ओरडलं आणि दुसरं कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याचा कुत्रा. रोजचंच झालंय.

माणसं एकेक करून दारापुढून गेली, वाकून, तपकिरी काशाब्यांची, त्या लोकरी झग्यांची टोपरी पुढे ओढून. लौनिस प्रत्येक टोपऱ्याखाली पाहत होता. शेवटचा माणूस थांबला. तो तुकडीचा म्होरक्या होता.

"मेझियानचे वडील?"

"मागे राहिलाय का तो?"

"खिंडीत पडला, चाचा. पहिलं बर्फ पडलं त्या दुपारी. तिथेच पुरला आम्ही. शेवटपर्यंत घरी जायचंय म्हणत होता."

म्होरक्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला. गोळी सुटली नाही. तुकडी पार झाली. तय्येबही कधीतरी निघून गेला.

भुंकणं चालूच होतं.

ताऊस बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. दाराची दोन्ही कवाडं तिने सताड उघडली आणि वाट देण्यासाठी एका बाजूला सरकून उभी राहिली.

भुंकणं मध्येच तुटलं.

मग उंबऱ्याच्या आत, चुलीजवळच्या मातीवर, शेपटी आपटू लागली.