बाबांच्या सायकलचा मॉनिटर

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी स्वतः तिथे उभी होते.

बेंगळुरू, इंदिरानगर, माझ्या अजितदादाचा फ्लॅट. गेल्या फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ.

बायपासनंतर बाबा नागपूरहून दादाकडे राहायला आले होते. घरातली व्यायामाची सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. अट एकच. हँडल धरलं की मॉनिटरवर ठोके दिसतात, ते शंभरावर गेले की थांबायचं.

आणि तो मॉनिटरच बिघडला.

"अजित, तेवढा बदल रे," बाबा रोज म्हणायचे.

नवा मॉनिटर घरी आलासुद्धा. खोका चपलांच्या कपाटावर पडून राहिला. दादाचं आपलं ठरलेलं उत्तर, "रविवारी बसवतो."

बाबा अंदाजानेच चालवत राहिले. एका सकाळी त्यांनी हँडलवर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललंच नाही.

तेराव्यानंतरच्या त्या शनिवारी मी दादाकडे होते. खालच्या मजल्यावरच्या कानडी रत्नाबाई वर आल्या. त्या महिनाभर लेकीकडे राहून दोन दिवसांपूर्वीच परतल्या होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"अजितअण्णा, तुमच्या अप्पांना सायकल स्वल्प हळू चालवायला सांगा. सकाळी आमचं छत घुमतंय."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

बाबा गेल्यापासून त्या सायकलला कुणी हातही लावला नव्हता...

रत्नाबाई गेल्यावर दादाने मुकाट्याने खोका फोडला. जुना मॉनिटर काढला, दोन वायरी जोडल्या, स्क्रू पिळले. माझा चहा निवायच्या आत काम झालं.

"एवढंच होतं गं," म्हणून तो रडायला लागला.

"हो. एवढंच होतं," मी म्हणाले. मला त्याचा फार राग आला होता.

तेवढ्यात...

घर्र... घर्र...

पेडल फिरत होतं. सीट रिकामी होती. हँडलवर कुणाचा हात नव्हता.

मॉनिटरवर आकडा उमटला. बहात्तर.

पंच्याऐंशी...

शंभर...

आकडा चढतच गेला. दादा कसाबसा पुढे झाला.

"बाबा, बास आता. थांबा."

पेडल थांबलं. आकडा हळूहळू उतरला आणि दिसेनासा झाला.

त्यानंतर दादा एकही रात्र घराबाहेर राहिलेला नाही. सुचेतावहिनी कंटाळून माहेरी गेली. रोज सकाळी तो सायकलपुढे खुर्ची टाकून बसतो.

परवा मी म्हटलं, "दादा, काढून टाक तो मॉनिटर."

तो शांतपणे म्हणाला, "काढला तर बाबांना थांबायचं कळणार कसं?"

हल्ली तिथे राहायला जायची भीती वाटते... आणि खरं सांगू, बाबांची भीती कमी, दादाचीच जास्त.