करंगळीखालची कळ

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळा सूक्ष्मदर्शकाला, हाताखाली पाच कळांचं मोजयंत्र. पांढऱ्या पेशींच्या प्रत्येक प्रकाराची कळ वेगळी. शंभर झाल्या की घंटी. तिची बोटं इतकी झरझर चालायची की सगळे म्हणत, "ताई, नोकरी सोडा नि पेटी वाजवा!"

गेल्या वर्षी धाकट्या भावाचं रक्त कर्करोगानं बिघडलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ताईनं आपली अस्थिमज्जा दिली. ती रुजली आणि भावाचा रक्तगटसुद्धा बदलून ताईचाच झाला.

"आता मला आई म्हणत जा," ताई म्हणाली.

"म्हणतो की! आणि हक्कानं डोकं खातो."

दर सोमवारी अकरा वाजता ती त्याची काचपट्टी स्वतः मोजायची. दर खेपेला आकडे झकास.

"वन्सं, यांचं काहीतरीच," एकदा भावजय म्हणाली. "सोमवारी अकराला डुलकी लागते, नि झोपेत बोटं बडवतात. शेवटी 'टिंग' म्हणतात!"

"वेडपट आहे झालं," ताई हसली. पण त्यानं ते यंत्र कधी पाहिलंच नव्हतं.

या सोमवारी ताईनं मोजणी नवालाच उरकली. अहवाल निर्दोष! तिला कोण आनंद झाला. अर्धी रजा टाकून ती तडक भावाकडे गेली. तो उन्हात आरामखुर्चीत पेंगत होता. अकरा वाजले, आणि त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली.

अगदी तिच्यासारखी. गंमत म्हणून तीही मनात वाचू लागली.

अंगठा. तर्जनी. करंगळी.

करंगळी. करंगळी.

करंगळीखाली कच्च्या पेशींची कळ. त्याच्या आजारात तिनं तीच दाबली होती, पुन्हा पुन्हा.

"अरे, तू बरा झालायस," ती कुजबुजली. "आता कुणाच्या मोजतोयस?"

"गप गं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "चुकेल."

करंगळी. करंगळी.

"टिंग."

त्यानं डोळे उघडले. "ताई! कधी आलीस? काय म्हणतोय अहवाल?"

"छान आहे," तिनं कागद पुढे केला. तो उडी मारून उठला, बायकोला हाका मारू लागला.

ताईचा हात मानेवर गेला होता. कानाखाली वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत मुळीच नव्हती.