ड्रॅव्हेनमारला जोडीदार एकच

“तिसरा भाग कुणाकुणाला आवडला?” बेंगळुरूत इंदिरानगरच्या एका कॅफेत कुणीतरी मोठ्यानं विचारलं आणि सगळे खो-खो हसले.

ड्रॅव्हेनमार नावाच्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा मेळावा होता तो. तलवारी, चेटकिणी, ड्रॅगन, सगळं काही असलेला खेळ. पण तिसऱ्या भागात बनवणाऱ्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी खेळाडूच्या हातातली तलवारच काढून घेतली. ड्रॅगनला मारायचं नाही, बोलून वळवायचं. निम्म्या चाहत्यांनी तेव्हापासून शिव्या द्यायला सुरुवात केली ती अजून थांबली नव्हती. तरी सिद्धीनं हात वर केला. नागपूरची पोरगी ती, घाबरते कुणाला? आणि मग तिला दिसलं... खिडकीपाशी आणखी एक हात वर होता.

“तुम्हाला खरंच आवडला?” तिनं जवळ जाऊन विचारलं.

“ड्रॅगन रडतो ना, तिथं मी पण रडलोय,” तो म्हणाला. “कुणाला सांगू नका.”

अवधूत त्याचं नाव. मूळचा बेळगावचा, नोकरीसाठी इथं आलेला. हसायचा तेव्हा आधी डोळे हसायचे, मग ओठ. झालं, सिद्धीबाई गेल्या कामातून.

मग दर शनिवारी दुपारी एचएसआर लेआउट भागातल्या त्याच्या फ्लॅटवर दोघं खेळायला बसू लागली. बाहेर बेंगळुरूची ती रिमझिम, धड पडेना, धड थांबेना. आत एकच सोफा. खांद्याला खांदा लागायचा, आणि दोघांपैकी कुणीच सरकायचं नाही.

मधूनच पडद्याच्या कोपऱ्यात संदेश उमटायचा. ‘मी आलो रे. आत्ताच जेवलो.’ पाठवणारा कुणी ‘बी. बी.’.

“हे कोण?”

“आमच्या बेळगावचंच आहे. रोज संध्याकाळी ऑनलाइन खेळतो आम्ही.”

आलो, जेवलो म्हणजे पोरगाच की. सिद्धीनं पुन्हा तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्यातच चौथा भाग जाहीर झाला. दोघांनी मिळून खेळायचा, आणि सुरुवातीला जो जोडीदार घ्याल तोच शेवटपर्यंत. मध्ये बदलायची सोय नाही. लोक पुन्हा भडकले. सिद्धीला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. अवधूत कुणाला विचारणार? मलाच ना?

त्या शनिवारी तो स्वयंपाकघरात कॉफी करत होता, आणि खेळाच्या स्पीकरमधून आवाज आला, “अवधू, मी आलो रे. कुठं मेलास?”

आवाज मुलीचा होता. तोही चांगला गोड, लाडिक.

“ही... कोण?” कप घेऊन आलेल्या अवधूतला तिनं विचारलं.

“भार्गवी. तीच ती ‘बी. बी.’.”

“मग ‘आलो’ काय म्हणते?”

“आमच्याकडं मुली असंच बोलतात की. आलो, गेलो, जेवलो.” त्याला हसू आलं. “तुला पोरगा वाटला होय? अगं, परकी नाही ती. माझ्या मामाची मुलगी.”

बिचाऱ्याला वाटलं, आपण आगीवर पाणी ओतलं. ओतलं होतं तेल. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे नागपुरात काय नि बेळगावात काय, शेंबडं पोरही सांगेल.

“छान,” सिद्धी म्हणाली. “मग चौथा भाग तिच्याबरोबरच खेळ.”

“ती म्हणत होती खरं—”

“म्हणणारच. घरचीच ना ती.” तिनं पर्स उचलली. रोजची संध्याकाळ त्या भार्गवीची, आणि आपल्याला मेला एक शनिवार.

“सिद्धी... तू जळतेयस?”

“हो, जळतेय. काहून जळू नको? माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर तू खेळलेला मला चालत नाही. हसलेलाही चालत नाही. घे, सांगितलं.”

अख्खा ड्रॅगन गोडीगुलाबीनं वळवणारा गडी, आता त्याच्या हातून कॉफी तेवढी सांडली.

“मी सांगू काय?” स्पीकरमधून भार्गवी बोलली. माईक चालूच होता, सगळं ऐकलं होतं तिनं. “मी म्हणालो, चौथ्या भागाला त्या नागपूरच्या पोरीला विचार आणि माझा जीव सोड. रोज खेळणं कमी, सिद्धी असं म्हणाली, सिद्धी तशी हसली हेच जास्त. कान किटले माझे. पण हा भित्रा. ती नाही म्हणाली तर शनिवारपण जाईल, म्हणतोय.”

अवधूतनं पुढं होऊन स्पीकर बंद केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“खेळाचं नंतर बघू,” तो म्हणाला. “मला तू हवीस. नुसती शनिवारी नाही... रोज.”

सिद्धीचं काळीज धडधडायला लागलं. पण नागपूरची पोरगी ती, इतक्यात विरघळतेय होय. “आणि तुझी मामी? तिला तूच जावई म्हणून हवा असशील ना?”

तो सोफ्यावर बसला. मग खरं बोलला. “ती अजून आशेवर आहे. आजवर मी हो म्हणालो नाही, पण नाही पण म्हणालो नाही.”

“मग आत्ता म्हण. मी बसते इथं.”

तिनं पर्स खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. अवधूतनं फोन लावला. “मामी, स्वल्प बोलायचं होतं, थोडंच...” तो म्हणाला. सिद्धीनं त्याचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. पलीकडून मामी “बोल रे बाळा” म्हणाली तेव्हा तिनं तो सोडला नाही, आणि मामी रडायला लागली तेव्हाही नाही.